४५ हजार रुपये चुकीच्या दारात गेले

प्रति,
मा. वित्तमंत्री आणि मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : इलेक्ट्रिक वाहनांच्या खरेदीवरील अनुदान कुणाला मिळावे, याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल २०२३ मध्ये मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. तीन युनिट वीज मावेल एवढी तिची बॅटरी. तेव्हा केंद्राच्या ‘फेम-२’ योजनेत बॅटरीच्या दर युनिटमागे १५ हजार रुपये अनुदान होतं, म्हणजे माझ्या एका स्कूटरसाठी सरकारने साधारण ४५ हजार रुपये मोजले. राज्याने वाहनकर माफ केला, त्यात आणखी नऊ-दहा हजार वाचले. पेट्रोलच्या स्कूटरवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता, माझ्या स्कूटरवर ५ टक्के. मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहते, महाविद्यालयात लेखाशास्त्र शिकवते, यजमानही नोकरीत आहेत. आमच्या इमारतीत आमची स्वतःची पार्किंगची जागा आहे आणि तिथे आमच्याच मीटरवरचा प्लग आहे.

ही मदत मला व्हायला नको होती. ती माझ्या ओळखीच्या दुसऱ्या एका माणसाला हवी होती आणि त्याला मिळाली नाही. एवढंच सांगायला हे पत्र लिहिते आहे. पण सरकारी पैशाबद्दल बोलायचं तर हिशेबाने बोलावं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं रोजचं जाणं-येणं १८ किलोमीटर. वर्षाला पाच हजार किलोमीटर धरा. पेट्रोलच्या स्कूटरला एवढ्या अंतरासाठी ११० लिटर लागले असते, म्हणजे साडेअकरा हजार रुपये. विजेचा खर्च दोन हजारांच्या आत राहतो. वर्षाला साडेनऊ हजार वाचतात. अनुदान नसतं तर किमतीतला जादा भार फिटायला सहा वर्षं लागली असती, अनुदानामुळे तो दीड वर्षात फिटला. पण सहा वर्षं लागणार असती तरी मी ती स्कूटर घेतलीच असती. पगार होता, प्लग होता, आणि आपल्या गाडीचा धूर मागच्या माणसाच्या तोंडावर जाऊ नये असं मनापासून वाटत होतं. जून २०२३ मध्ये केंद्राने हेच अनुदान युनिटमागे १० हजारांवर आणलं आणि किमतीच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. माझ्या एका सहकारी मॅडमनी जुलैमध्ये तीच स्कूटर घेतली. त्यांना पंचवीस-एक हजार जास्त पडले. त्यांनीही घेतलीच.

आता त्या दुसऱ्या माणसाबद्दल. माझ्या मुलीला सहा वर्षं शाळेत नेणारे-आणणारे रिक्षाकाका. ते जनता वसाहतीत राहतात. सकाळी साडेसहाला शाळेची पहिली फेरी, मग स्टँड, दुपारी पुन्हा शाळा, संध्याकाळी स्टेशनची भाडी. दिवसाला शंभर किलोमीटर सहज होतात. त्यांची सीएनजी रिक्षा जुनी झाली तेव्हा, २०२४ च्या दिवाळीनंतर, ते मला विचारायला आले. “ताई, तुम्ही ती बॅटरीची घेतलीत, परवडते का? मीपण घेऊ का?”

मी कागद-पेन घेऊन त्यांच्याबरोबर बसले. वर्षाला तीस हजार किलोमीटर. सीएनजीचा खर्च नव्वद हजारांच्या आसपास. घरच्या दराने वीज मिळाली तर पंचवीस-तीस हजारांत भागेल, बाहेरच्या चार्जरवर गेलं तर पंचेचाळीस-पन्नास हजार. म्हणजे वर्षाला चाळीस ते साठ हजार रुपये हातात. माझ्या साडेनऊ हजारांशी ताडून पाहा. काकांची एक रिक्षा विजेवर आली की माझ्यासारख्या सहा स्कूटर विजेवर आल्यासारखं आहे. हिशेब बघून काकांचा चेहरा उजळला.

मग आम्ही कर्जाला निघालो. ज्या बँकेत त्यांचं पंधरा वर्षांचं खातं आहे, तिथे उत्तर मिळालं की बॅटरीच्या रिक्षाला कर्ज देत नाही. जुन्या गाडीला पुढे काय भाव येईल कुणालाच सांगता येत नाही, हप्ते थकले तर गाडी ओढून आणून विकायची कुणाला? बँकेच्या बाजूने ही भीती खोटी नाही. शेवटी एका फायनान्स कंपनीने होकार दिला. व्याज २२ टक्के, मुदत तीन वर्षं.

तीन लाखांचं कर्ज २२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ११,४५७ रुपये बसतो. तेच कर्ज १० टक्क्यांनी मिळालं तर ९,६८० रुपये. तीन वर्षांत फरक पडतो सुमारे ६४ हजारांचा. आता आपलं २०२५ चं ई-वाहन धोरण उघडा. प्रवासी तीनचाकीला जास्तीत जास्त ३० हजार रुपये अनुदान आहे. म्हणजे सरकार एका हाताने ३० हजार देणार आणि सावकारी व्याज त्याच्या दुप्पट ओढून नेणार. ते ३० हजार काकांच्या घरात पोचणारच नाहीत, वाटेतच जिरतील.

तरीही मी म्हटलं, काका, वर्षाला निदान चाळीस हजार वाचतायत, करून टाकू. तेव्हा ते म्हणाले, “ताई, गाडी रात्री खाली रस्त्यावर उभी असते. आमचं घर वर, चढावर. वायर कुठून आणू?” माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. त्यांनी सेकंडहँड सीएनजी रिक्षा घेतली. आजही तीच चालवतात.

महोदय, त्या दिवशी घरी आल्यावर मला माझी स्कूटर प्लगला लावताना फार वाईट वाटलं. ज्याच्याकडे प्लग आहे, पार्किंग आहे, बँकेत पत आहे, त्याला सरकारने ४५ हजार दिले. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, पण जो माझ्या सहापट धावतो, त्याच्यासाठी आपल्याकडे शोरूममधल्या किमतीवर एक सवलत आहे. त्याची अडचण शोरूममध्ये नव्हतीच. ती बँकेच्या खिडकीवर होती आणि वसाहतीखालच्या रस्त्यावर होती.

माझे एक अर्थशास्त्राचे सहकारी म्हणतात, मग सगळंच अनुदान बंद करा, बाजार बघून घेईल. मला ते पटत नाही. २०१९ ते २०२३ या काळात अनुदान नसतं तर विजेच्या दुचाक्या रस्त्यावर दिसल्याच नसत्या, त्या दुरुस्त करणारे मेकॅनिक तयार झाले नसते, लोकांची भीती गेली नसती. सुरुवातीला कुणीतरी आधी उडी घ्यावी लागते आणि त्या उडीला सरकारने हात दिला, ते योग्यच झालं. चीननेही वर्षानुवर्षं खरेदीवर पैसे दिले आणि २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवरचं ते अनुदान थांबवलं, कारण गाड्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या होत्या. आपल्याकडेही केंद्राने ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना २०२८ पर्यंत वाढवताना दुचाकी आणि तीनचाकींच्या खरेदीवरचं अनुदान ३१ मार्च २०२६ च्या पुढे नेलं नव्हतं. माझ्यासारख्यांसाठी ते थांबणं ठीकच आहे. पण काकांची उडी अजून व्हायची आहे, आणि त्या निर्णयात त्यांच्या रिक्षासाठीही वेगळी मुदत नव्हती. म्हणून आता राज्याकडे बघावं लागतं.

राज्याचं धोरण मी नीट वाचलं. मे २०२५ चा शासन निर्णय, २०३० पर्यंतची मुदत, १,९९३ कोटींची तरतूद. न्यायाने सांगायचं तर यातला मोठा वाटा धंद्याच्या गाड्यांना, बसना आणि ट्रकना आहे. टॅक्सीसारख्या २५ हजार चारचाकींना प्रत्येकी दोन लाखांपर्यंत, एसटी आणि शहरांच्या १,५०० बसना प्रत्येकी २० लाखांपर्यंत. ज्यांनी हे तक्ते केले त्यांना कोण जास्त धावतं हे ठाऊक होतं. मग त्याच तक्त्यात घरगुती वापराच्या १० हजार मोटारींना प्रत्येकी दीड लाखापर्यंत अनुदान कशासाठी? गुणाकार केला तर १५० कोटी होतात. प्रवासी तीनचाकींचा आकडा १५ हजार गाड्या, ३० हजार प्रत्येकी, म्हणजे ४५ कोटी. दिवसाला तीस किलोमीटर फिरणाऱ्या दहा हजार कुटुंबांना १५० कोटी आणि शंभर किलोमीटर फिरणाऱ्या पंधरा हजार रिक्षावाल्यांना ४५ कोटी. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून कुणी पाहिले होते का?

त्यात वाहनकराची माफी वेगळी, आणि तिला किमतीची वरची मर्यादा नाही. पेट्रोलची ६० लाखांची मोटार घेतली तर १३ टक्क्यांनी ७ लाख ८० हजार कर पडतो. तेवढ्याच किमतीची विजेची घेतली तर शून्य. एका गाडीवर सोडून दिलेल्या या रकमेत २६ रिक्षांचं अनुदान निघतं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक मोटारींवर ६ टक्के कर सुचवला होता. मला तो वाचून फार बरं वाटलं होतं. ६ टक्के म्हणजे पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी, सवलत होतीच की! पण महिना संपायच्या आत तो मागे घेतला गेला. प्रदूषण कमी करायचं असेल तर असा कर नको, असा त्यामागचा युक्तिवाद होता. साठ लाखांची गाडी घेणारा साडेतीन लाखांसाठी पुन्हा पेट्रोलकडे वळेल, हे मला खरं वाटत नाही. नॉर्वेमध्ये आज दहा नव्या मोटारींपैकी नऊहून अधिक विजेच्या असतात, आणि तिथेही २०२३ मध्ये पाच लाख क्रोनरच्या (क्रोनर हे तिथलं चलन) वरच्या किमतीवर पूर्ण व्हॅट लावला गेला. श्रीमंत देशाने जी मर्यादा घातली ती आपण काढून टाकली.

कारखान्यांचं काय होईल, असं कुणी विचारेल. चाकण आणि वाळूज आपल्या राज्याचा अभिमान आहेत, मी त्या बाजूनेही विचार केला. कारखानदारांसाठी केंद्राची २५,९३८ कोटींची उत्पादन प्रोत्साहन योजना आहे. ५ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पेट्रोलच्या छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे दोन्हींतलं अंतर कमी झालं, हे खरं. पण कारखान्याला ग्राहक हवा असतो, आणि पंधरा हजारांऐवजी साठ हजार रिक्षा विकल्या गेल्या तर वाळूजला आनंदच होईल.

आता माझं मागणं. घरगुती मोटारींची ती १५० कोटींची ओळ यापुढच्या खरेदीसाठी बंद करावी आणि ते पैसे रिक्षा, छोटा टेम्पो आणि घरपोच माल पोचवणाऱ्या मुलांच्या गाड्यांकडे वळवावेत. पण कृपा करून ते पुन्हा शोरूमच्या किमतीत टाकू नका. व्याजात टाका. राज्याने कर्जाची हमी घेतली, हप्ते थकले तर नुकसानीचा काही वाटा आपण उचलू असं बँकांना लिहून दिलं, तर जी बँक आज ‘नाही’ म्हणते तिला ‘हो’ म्हणता येईल. शंभरातले दहा-बारा बुडाले तरी उरलेल्यांचे हप्ते येत राहतील आणि तोच पैसा पुन्हा हमीला उभा राहील. एकदा दिलेलं रोख अनुदान परत येत नाही.

हे नवं काही नाही, आपण याच्या जवळ येऊन गेला आहात. गुलाबी ई-रिक्षा योजनेत २० टक्के राज्य देतं, १० टक्के ती बाई भरते आणि ७० टक्के बँकेचं कर्ज असतं. पुण्यात या रिक्षा दिसू लागल्या तेव्हा मी एका चालक ताईंशी मुद्दाम बोलले. गाडी चालवताना त्यांना जो मान मिळतो त्याबद्दल त्या भरभरून सांगत होत्या. चार्जिंगचं विचारलं तर आवाज खाली आला. जागा शोधण्यात वेळ जातो, म्हणाल्या. हीच रचना पुरुष असो वा स्त्री, ज्याची जुनी रिक्षा मोडीत निघाली आहे अशा प्रत्येक परवानाधारकाला का लागू होऊ नये?

आणि चार्जिंग. महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जर उभारायचं धोरणात आहे, अटल सेतू, समृद्धी आणि द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे. हे सगळं लांबच्या प्रवासाला निघालेल्या मोटारीला डोळ्यासमोर ठेवून ठरवलेलं दिसतं. रिक्षावाला अटल सेतूवर जात नाही. त्याला स्वारगेटच्या स्टँडवर, वसाहतीच्या पायथ्याशी, मंडईच्या मागे, जिथे तो दुपारी तासभर गाडी लावून डबा खातो तिथे प्लग हवा. दुपारी तर सौर वीजही मुबलक असते. त्या वेळेत रिक्षास्टँडवरच्या चार्जरला स्वस्त दर लावला तर महावितरणचीही सोय होईल. १ एप्रिल २०२२ पासून राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला होता. एका अर्थसंकल्पात तो निर्णय झाला आणि रिक्षावाल्यांना त्याचा दिलासा लगेच जाणवला. मनात आणलं तर राज्य किती चटकन आणि किती अचूक जागी मदत करू शकतं, हे आपण स्वतःच दाखवून दिलेलं आहे.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट मनाला टोचते, ती लपवणार नाही. आपली वीज अजूनही बहुतेक कोळशाची आहे. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राभोवती राहणारी माणसं राखेच्या धुळीत जगतात. पुण्यातल्या हवेसाठी त्यांच्या हवेची किंमत मोजली जाते, आणि त्यांच्यापैकी किती जणांना या अनुदानाचा रुपया मिळाला असेल? म्हणून तर प्रत्येक रुपया जिथे जास्तीत जास्त धूर कमी होईल तिथेच पडला पाहिजे. आठवड्यातले चार दिवस पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या मोटारीवर तो पडला तर चंद्रपूरच्या माणसाला आपण काय सांगणार?

एसटीबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र होईल. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला गेली आणि १ जून २०२२ ला त्याच रस्त्यावर पहिली ‘शिवाई’ विजेवर धावली. तो दिवस मला आठवतो, माझे वडील त्या बातमीने हळवे झाले होते. त्यांनी सगळं आयुष्य लाल डब्यातून प्रवास केला. त्यानंतर एसटीने ५,१५० विजेच्या बस भाड्याने घेण्याचा करार केला आणि त्या ठरलेल्या वेळेत आल्या नाहीत. हडपसरजवळच्या भेकराईनगर आगारात पीएमपी, म्हणजे पुण्याची शहर बससेवा, पूर्णपणे विजेच्या बस चालवते, म्हणजे हे काम आपल्याच माणसांना जमतं. एक बस दिवसाला दोनशे किलोमीटर, चाळीस-पन्नास माणसं घेऊन. अर्ध्या तिकिटात जाणाऱ्या बायका, फुकट जाणारे पंचाहत्तरीपुढचे आजी-आजोबा, सगळे तीत बसतात. मोटारीच्या दीड लाखाची तुलना या बसशी करायला माझी लेखणी धजत नाही.

एक विनंती मात्र नक्की. जे काही बदलाल ते आधी सांगून बदला. जर्मनीने डिसेंबर २०२३ मध्ये खरेदीवरचं अनुदान एका रात्रीत बंद केलं आणि ज्यांनी गाड्या नोंदवून ठेवल्या होत्या ते अडकले. मोटारवाला अशा धक्क्यातून सावरतो. रिक्षावाला बायकोचे दागिने गहाण ठेवून पहिला भरणा करतो, त्याला सहा महिने आधी तारीख कळली पाहिजे.

माझे ४५ हजार परत घेण्याची सोय आपल्याकडे नसेल, मी चौकशी केली तेव्हा तरी नव्हती. पण पुढच्या वर्षांत आमची चारचाकी बदलायची आहे आणि आम्ही ती विजेचीच घेणार आहोत. तिच्यावर राज्याने एक रुपयाही अनुदान देऊ नये आणि वाहनकर लावावा, आम्ही तो भरू. माझ्या इमारतीतल्या आणखी चार कुटुंबांशी मी बोलले आहे. तिघे तयार आहेत, एकाला विचार करायला वेळ हवा आहे.

काकांच्या त्या सेकंडहँड सीएनजी रिक्षाचं पासिंग ऑगस्टमध्ये आहे. या वेळी ती पास होणार नाही असं त्यांना वाटतं आणि मेकॅनिकही तेच म्हणतो. या अधिवेशनात कर्जहमीबद्दल काही ठरलं तर मला एका ओळीने कळवावं. मी त्याच दिवशी कागद-पेन घेऊन त्यांच्याकडे जाईन.

आपली नम्र,
विजेची स्कूटर चालवणारी एक प्राध्यापिका,
सिंहगड रस्ता, पुणे